‘पुणे वाली रिपोर्ट’च्या मागावर: देवास, गंधवानी, कन्नौद

देवास

जी बाई हयात नसेल असं मी धरून चालले होते, तिनंच दार उघडलं.

असं एकदम सांगितलं तर वाचणाऱ्याला काही कळायचं नाही, म्हणून थोडं आधीपासून सांगते. मी पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करते. लोक मला डॉक्टर म्हणतात, पण औषधं देणारी डॉक्टर मी नव्हे. तोंडाच्या कर्करोगाची गाठ शस्त्रक्रियेत काढली की तिचा एक तुकडा मेणात बसवून आमच्याकडे येतो. आम्ही त्याचे केसाहून पातळ काप काढतो, काचपट्टीवर ठेवतो आणि त्यात ठरावीक प्रथिनं किती आहेत ते पाहतो. प्रथिन असेल तिथं तपकिरी रंग उमटतो. काही प्रथिनं जास्त दिसली तर रोग उलटण्याची भीती अधिक, कमी दिसली तर माणूस बरीच वर्षं काढील, असा आमचा अंदाज. हा अंदाज खरा आहे का, हे कळायला एकच उपाय असतो. ती माणसं आज आहेत की नाहीत, हे जाऊन पाहायचं.

तुकडे इंदूरच्या एका इस्पितळातून यायचे, नावाशिवाय, नुसत्या क्रमांकानं. देवास आणि धार जिल्ह्यांतल्या काही रुग्णांचे फोन लागेनासे झाले, तेव्हा कुणीतरी प्रत्यक्ष जावं असं ठरलं आणि मी हात वर केला. इतकी वर्षं या रोगात घालवून मी रुग्ण असा एकही जवळून पाहिलेला नव्हता, हे मला खुपायला लागलं होतं.

माझ्याबरोबर इस्पितळातली उज्ज्वला होती. घरी गेलेल्या रुग्णांची विचारपूस ठेवणं हे तिचं काम. ती देवासचीच. तिच्या पणजोबांचे आजोबा मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आले, घोड्यांची खोगिरं शिवायचे म्हणे. तिचं मराठी ऐकून मी पहिल्या दिवशी हसले आणि दुसऱ्या दिवसापासून तसंच बोलू लागले. “ताई, तुम्ही बिल्कुल फिकर नका करू. पत्ता मला मालूम आहे. आधी पोहे खाऊन घ्या, मग निघू.” पोह्यांवर शेव, त्यावर जिरावण नावाचा आंबटतिखट मसाला, आणि शेजारी जिलबी. आमच्याकडे पोह्यांबरोबर जिलबी दिली तर लोक चुकून आली असं समजून परत करतील. इथं ती नसेल तर नाश्ता अपुरा.

नियम असा होता की नावं उज्ज्वलाकडे आणि आमचे अंदाज पुण्यात. जाणाऱ्यानं आधीच काही धरून जाऊ नये म्हणून. पण घराशी पोचल्यावर उज्ज्वला खातरजमेसाठी क्रमांक वाचायची, आणि काही काचपट्ट्या चेहऱ्यासारख्या लक्षात राहतात. टेकडीच्या पायथ्याच्या एका गल्लीत तिनं क्रमांक वाचला आणि मला ती काचपट्टी आठवली. सगळी तपकिरी. इतकी वाईट दुसरी आमच्याकडे आली नव्हती. घरच्यांशी कोणत्या शब्दांत बोलायचं याची मी मनात जुळवाजुळव करत होते.

दार उघडलं ते एका उंच, पांढऱ्या केसांच्या बाईनं. हातात पळी होती. “कोण हवंय?” तिनं विचारलं. शब्द जाड येत होते, जिभेला नीट वळता येत नसल्यासारखे.

उज्ज्वला म्हणाली, “मनोरमाकाकू, मी इंदूरची, ओळखलं का?”

चौकटीला धरून मी उभी राहिले. काकूंनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि त्या हसल्या. “आत ये ग. घाबरू नकोस. भूत नाही मी.”

त्या निवृत्त शिक्षिका. घराणं पूर्वी संस्थानच्या नोकरीत. अर्धी जीभ काढलेली, मानेवर शस्त्रक्रियेची लांब रेघ. शस्त्रक्रियेनंतर त्यांनी सिकाई पूर्ण केली होती. किरणोत्सर्गाच्या उपचाराला इकडे सगळेच सिकाई म्हणतात. त्यांच्या सुनेनं पाणी आणलं आणि “मामंजी टेकडीवर देवीला गेलेत, येतीलच आता,” असं सांगितलं. मामंजी! पुण्यात हा शब्द मी माझ्या आजीनंतर कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता.

काकूंची नात आली. सात-आठ वर्षांची असेल. हिंदी शाळेत जाते, मराठी वाचायला फक्त आजीकडून शिकलेली. तिनं मला पुस्तक वाचून दाखवलं. “कमय. बदक. बायाखडी.” मला वाटलं पोरीच्या जिभेत काही दोष आहे. मग ती आईशी हिंदीत बोलली, तर प्रत्येक अक्षर खणखणीत. उज्ज्वलानं मला कोपरानं ढोसलं तेव्हा प्रकाश पडला. काकूंना ‘ळ’ आणि ‘र’ म्हणता येत नाहीत. पोरीनं आजीच्या तोंडून जसं ऐकलं, तसंच मराठी असतं असं धरलं.

“शाळेत मी किती पोरांचे उच्चार सुधारले,” काकू म्हणाल्या. “आणि घरात बघ.” पण त्यांच्या चेहऱ्यावर तक्रार नव्हती.

जेवायला थांबावंच लागलं. आमच्यासाठी दाल-बाफले होते, म्हणजे वरण आणि उकडून भाजलेले कणकेचे गोळे, तुपात बुडवलेले. काकूंनी स्वतः ताकात कालवलेला मऊ भात हळूहळू खाल्ला. घास उजव्या बाजूला न्यायला त्या बोटाची मदत घेत, आणि ते त्या आमच्यासमोर निःसंकोच करत. निघताना त्यांनी मला एकटीला विचारलं, “तू आत शिरलीस तेव्हा तुझा चेहरा पाहिला मी. माझं काही वाईट आलं होतं का तुमच्या तपासात?”

ते सांगायची मला परवानगी नव्हती. मी म्हटलं, “काकू, आमचा तपास अजून कच्चा आहे.”

“असू दे कच्चाच,” त्या म्हणाल्या.

रस्त्यावर आल्यावर मी उज्ज्वलाचा हात घट्ट धरला. आमचा अंदाज साफ चुकला होता आणि मला आनंदानं हसू येत होतं. शास्त्रज्ञाला असं व्हावं हे बरं नव्हे, पण झालं खरं.

गंधवानी

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही भाड्याच्या गाडीनं धारला आलो. किल्ल्याजवळ चहा प्यायला थांबलो तिथं टपरीवर गुटख्याच्या पुड्यांच्या माळा लटकत होत्या आणि त्यांच्यामागून टपरीवाल्याचं नुसतं कपाळ दिसत होतं. समोर शाळेत जाणारी दोन मुलं पुडी फाडून, मान मागे टाकून ती तोंडात रिकामी करत होती. इतक्या सराईतपणे की माझा चहाचा कप तसाच हातात राहिला.

“ताई, चला,” उज्ज्वला म्हणाली. “ह्यांना बोलून काही होत नाही. मी रोज बोलते.”

तिनं पुढच्या रुग्णाचा क्रमांक वाचला आणि मी उडालेच. हीही काचपट्टी मला पाठ होती. इतकी स्वच्छ, इतकी फिकी की आम्ही ती नव्या मुलांना शिकवताना दाखवायचो. रुग्णाचं नाव कैलाश. वय तिशीच्या आत. गालाची गाठ. मी धारच्या बाजारातून मिठाईचा डबा घेतला. उज्ज्वला म्हणाली, “कशाला?” मी म्हटलं, “असू दे, घरात मुलं असतील.”

धार सोडल्यावर बराच वेळ गव्हाची सपाट शेतं दिसत राहतात. मग जमीन उठायला-बसायला लागते, वळणं सुरू होतात आणि माळवा मागे पडतो. होळी जवळ आली होती. पळसाला एकही पान नव्हतं, नुसती केशरी फुलं. मधूनच ताडाची झाडं, आणि त्यांच्या शेंड्यांना बांधलेली मडकी. रस्त्यानं तरुण मुलं-मुली घोळक्यांनी चालली होती, मुलींचे कपडे एकाच कापडाचे, एकाच रंगाचे. गुजरातेत मजुरीला गेलेली मंडळी होळीआधीच्या भगोरिया बाजारासाठी परत आली होती. ढोल लांबून ऐकू येत होता. प्रवासाचा इतका सुरेख तुकडा मी फार दिवसांत पाहिला नव्हता.

गंधवानीच्या पुढं एका फळियात, म्हणजे शेतांमधून विखुरलेल्या घरांच्या वस्तीत, कैलाशचं घर होतं. मोहाच्या झाडाखाली एक म्हातारा दोरी वळत बसला होता. उज्ज्वलानं विचारलं, “बा, कैलाश का घर यही है? कैलाश है घर पे?”

त्यानं दोरी खाली ठेवली नाही. नुसती हनुवटी शेताच्या बांधाकडे वळवली. “वो रहा.”

मी वळून पाहिलं. बांधावर माणूस नव्हता. तिथं एक दगड उभा होता, नवा, उंचीला माझ्या कमरेइतका. त्यावर घोड्यावर बसलेला एक तरुण कोरला होता. निळ्या आणि पिवळ्या रंगानं रंगवलेला, आणि खाली देवनागरीत नाव. इकडे तरुण माणूस गेला की असा दगड उभा करतात, हे मला उज्ज्वलानं नंतर सांगितलं. तेव्हा सांगायची गरज पडली नाही. मला घोड्याचे डोळे तेवढे दिसत होते आणि हातातला डबा कुठं ठेवावा ते कळत नव्हतं.

म्हातारा कैलाशचा बाप. आतून त्याची सून आली, रेशमी. पंचविशीची, कडेवर मूल. उज्ज्वला तिच्याशी हलक्या आवाजात बोलली, कधी गेला, काय झालं. गळ्याला गाठ आली, मोठी झाली, फुटली, गिळता येईना. दिवाळी त्यानं पाहिली नाही.

“सिकाई के लिए क्यों नहीं आए?” उज्ज्वलानं विचारलं. “तुम्हाला आठवतं ना ताई, हिच्या नवऱ्याच्या मानेच्या गाठींतही रोग निघाला होता, म्हणून सिकाई सांगितली होती,” हे ती मला मराठीत म्हणाली. मला ते माहीत नव्हतं. आमच्याकडे फक्त तुकडा आला होता.

रेशमी म्हणाली, “बोला था। डेढ़ महीना रोज इंदौर आने का बोला था। पर छोटे डॉक्टर साहब ने इनको बोल दिया था ना, कि पुणे वाली रिपोर्ट बढ़िया है, डरने का नहीं। तो ये बोले, रिपोर्ट बढ़िया है तो सिकाई काहे की? गुजरात चले गए काम पे।”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी पुन्हा विचारलं, “कौन सी रिपोर्ट?”

“पुणे वाली।”

आमचा कोणताही रिपोर्ट रुग्णापर्यंत जायचा नव्हता. तसं सगळ्यांकडून लिहून घेतलेलं असतं. रुग्ण स्वतः परवानगी देतो तेव्हाही त्याला सांगतात की याचा तुझ्या उपचाराशी संबंध नाही. ढोल वाजतच होता. मला अंगावर कुणी गार पाणी ओतावं तसं झालं. त्या काचपट्टीचा फिका रंग मला किती आवडायचा, ते आठवलं.

रेशमी माझ्याकडे पाहत होती. “आप कहाँ से हो?”

उज्ज्वलानं पटकन म्हटलं, “हमारे साथ हैं।”

पण मी म्हणाले, “पुणे से।”

“आपने बनाई थी वो रिपोर्ट?”

“जाँच हमने की थी।”

“फिर गलत कैसे हो गई?”

ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती खरंच विचारत होती. मी माझ्या तुटक्या हिंदीत सुरुवात केली. ही तपासणी एका माणसाचं काही सांगत नाही. पुष्कळ माणसं एकत्र घेतली तर त्यातल्या बऱ्याच जणांचं कसं होईल, एवढंच कळतं, तेही अजून पक्कं नाही. कैलाशच्या गळ्यापर्यंत रोग गेला होता, आणि त्यावर सिकाई हाच उपाय होता. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की हे सगळं आधी कुणीतरी त्याला सांगायला हवं होतं. मी थांबले.

“सिकाई करते तो बचते?” तिनं विचारलं.

“पता नहीं,” मी म्हटलं. “मौका मिलता।”

तिनं मान हलवली आणि मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं. म्हाताऱ्यानं दोरी बाजूला ठेवली आणि तो पहिल्यांदाच आमच्याशी बोलला. “खाना खा के जाओ। दूर से आए हो।”

आम्ही जेवलो. रुईच्या पानांत भाजलेले मक्याचे जाड पानिये आणि उडदाची डाळ. उज्ज्वलानं मला नजरेनं दटावलं नसतं तर माझ्या घशाखाली घास उतरला नसता. मिठाईचा डबा मी शेवटी उज्ज्वलाच्या हाती दिला. तिनं तो रेशमीला दिला आणि मुलाच्या नावानं दिलाय असं सांगितलं. रेशमीनं तो घेतला. का आणला होता, हे तिनं विचारलं नाही, हे तिचे उपकार.

फोनला रेंज आली ती थेट धारजवळ. उज्ज्वलाला कळलं होतं ‘छोटे डॉक्टर साहब’ कोण ते. निमिष नावाचा तरुण डॉक्टर, तेव्हा इस्पितळात शिकत होता, आता तिथंच नोकरीला आहे. आमच्या टीमनं कच्चे निष्कर्ष इस्पितळातल्या एका बैठकीत दाखवले होते. तो तिथं हजर होता, आणि क्रमांकांमागची नावं त्याला इस्पितळात सहज मिळाली. मी गाडी थांबवायला सांगून त्याला फोन लावला आणि कैलाश गेल्याचं सांगितलं.

तो म्हणाला, “मॅडम, तो वॉर्डात खूप रडत होता. बायको बाळंतीण होती. मला वाटलं, काहीतरी चांगलं सांगावं. सिकाईला येऊ नको असं मी कधीच म्हटलं नाही.”

“माहीत आहे,” मी म्हटलं. खरं तर मला त्याच्यावर ओरडायचं होतं. “अजून कुणाला सांगितलंस?”

“वाईट आलेल्यांना काहीच नाही बोललो. चांगलं आलेल्यांत… एकाला. कन्नौदचा एक शिलाईवाला आहे. मोरे.”

उज्ज्वलानं डोळे मिटून घेतले. “गजानन मोरे. तो पण चेकअपला येत नाही आहे, ताई. दिवाळीपासून.”

कन्नौद

उजाडताच निघालो. इंदूर ओलांडून कन्नौदच्या रस्त्याला लागलो आणि मध्येच टायर फुटला. जादा टायर होता, पण त्यातही हवा नव्हती. ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, “हो जाएगा, मैडम,” आणि बिडी पेटवून बसला. मला धीर धरवेना. उज्ज्वलानं रस्त्यात उभं राहून लसणाच्या गोण्यांनी भरलेली एक पिकअप थांबवली. “भिया, कन्नौद मंडी?” भियानं मान डोलावली. पुढं जागा एकाचीच, ती त्यानं मला दिली. उज्ज्वला मागे गोण्यांवर बसली, ओढणीनं नाक बांधून. कन्नौदला उतरलो तेव्हा आमच्या दोघींच्या अंगाला इतका वास येत होता की चहावाल्यानं आम्हाला लसणाचे व्यापारी समजून आजचा भाव विचारला.

मंडीत नवा गहू यायला लागला होता. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग रस्त्यापर्यंत आलेली. त्या रांगेसमोरच गजानन मोऱ्यांचं दुकान. ट्रॅक्टरच्या सीटा आणि वरची छतं शिवायचं. चाळिशी ओलांडलेला, सडपातळ माणूस जाड रेग्झिन मशिनीखालून ओढत होता. उज्ज्वलाला पाहताच तो उठला आणि डावा हात त्यानं तोंडापुढं धरला. बोलताना तो हात त्यानं खाली घेतलाच नाही.

“या, या मॅडम. आता सीझन आहे ना, म्हणून येणं नाही झालं. बाकी एकदम फर्स्ट क्लास.”

मागून त्याची बायको आली, सुमन. “काय फर्स्ट क्लास? महिना झाला, हे भाकरी खात नाहीत. दुधात काहीतरी कालवतात आणि पितात.”

“फोड आहे साधा. गरम चहानं आला.”

उज्ज्वलानं पिशवीतून टॉर्च काढली. “दाखवा.”

तो हो-नाही करत राहिला. शेवटी स्टुलावर बसला आणि त्यानं जमेल तेवढं तोंड उघडलं. फार उघडत नव्हतं. उज्ज्वलानं चमच्यानं गाल बाजूला केला आणि मला खूण केली.

मी वाकले. हा रोग आणि मी इतक्या वर्षांची ओळख. मला त्याच्या पेशींच्या कडा माहीत आहेत, त्यातली प्रथिनं माहीत आहेत. पण हे मी कधी पाहिलं नव्हतं. मागच्या दाढेजवळ मांस उलटून वर आलं होतं, कडा राखी-पांढऱ्या, मध्ये खड्डा. माणूस श्वास घेत होता आणि ते हलत होतं. चमचा जरासा लागला तर रक्त आलं. त्याला वास होता. मी मशिनीला धरलं.

त्यानं तोंड मिटलं आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. “काय झालं? अहो, माझा पुण्याचा रिपोर्ट चांगला आला होता ना. डॉक्टरसाहेब स्वतः बोलले.”

मी त्याच्यासमोर पोत्यावर बसले. “गजाननराव, मी पुण्याची. तो तपास आमच्याकडे झाला. तो तुम्हाला सांगायचा नव्हता, कारण तो खरा की खोटा हेच आम्हाला अजून ठाऊक नाही. त्यावर भरवसा ठेवू नका. तुमच्या तोंडात आता जे आहे, ते आजच दाखवायला हवं.”

“आज? आज कसं होईल? बाहेर ट्रॅक्टर पाहिले का? रंगपंचमी होऊ द्या. मग येतो, पक्का.”

“रंगपंचमीपर्यंत थांबू नका.”

“मॅडम, रिपोर्ट चांगला आहे, असं एक डॉक्टर बोलतो. खराब आहे, असं तुम्ही बोलता. मी ऐकू कुणाचं?” आता त्याच्या आवाजात राग होता, आणि त्या रागात त्याचा हात तोंडावरून खाली आला. गाल सुजलेला दिसत होता.

मी नाव घेतलं नाही, गावही सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, “काल मी एका घरी गेले होते. तुमच्याहून तरुण माणूस. त्यालाही कुणीतरी चांगलं आहे असंच सांगितलं होतं. मी त्याला भेटायला म्हणून गेले होते. त्याच्या वडिलांनी मला त्याचा दगड दाखवला.”

बाहेर कुणीतरी ट्रॅक्टर चालू करत होतं. गजाननराव रेग्झिनच्या तुकड्याची कड बोटानं दुमडत बसले. मला वाटलं, ऐकत नाहीत. मी उज्ज्वलाकडे पाहिलं.

तेवढ्यात सुमन उठली. तिनं मशिनीवर कापड टाकलं, भिंतीवरची कुलूप-किल्ली घेतली आणि बाहेर जाऊन शटर अर्ध्यावर ओढलं. “निघा,” ती नवऱ्याला म्हणाली. बाहेर सीटसाठी थांबलेल्या शेतकऱ्याला तिनं हिंदीत सांगितलं, “भिया, दुकान बंद है। कब खुलेगी, पता नहीं।”

तो शेतकरी आधी वैतागला. मग त्यानं आत वाकून पाहिलं, गजाननरावांचा गाल पाहिला आणि ट्रॅक्टर बाजूला घेतला.

इंदूर

बसनं आम्ही चौघं इस्पितळात पोचलो तेव्हा निमिष फाटकात उभा होता. रात्रभर झोपला नसावा. त्यानं गजाननरावांना खुर्चीत बसवलं, स्वतः ढकलत आत नेलं, आणि लिफ्टपाशी थांबून म्हणाला, “मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं.” मला वाटलं, आता गजाननराव भडकणार. ते म्हणाले, “तुम्ही चांगल्यासाठीच बोललात हो. पण मी ऐकलं ना.” निमिषनं लिफ्टचं बटण दाबलं.

रोग उलटला होता, पण अजून काढता येण्याजोगा होता. शस्त्रक्रिया ठरली. परवानगीचा कागद समोर आला तेव्हा गजाननरावांनी तो सुमनकडून मोठ्यानं वाचून घेतला. मराठी वाचायची त्यांना सवय नव्हती, हिंदीतलाच घेतला. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, “ह्या वेळचा तुकडा पण पुण्याला जाणार का?”

“तुम्ही हो म्हणालात तर. नाही म्हणालात तरी उपचारात काही फरक पडणार नाही.”

त्यांनी विचार केला. “जाऊ द्या. पुढं कुणाला कामी येईल. पण मला काही सांगायचं नाही. चांगलं आलं तरी नाही.”

मी मान डोलावली. त्यांनी सही केली.

मी पुण्याला परतले आणि पहिल्याच दिवशी सगळं आमच्या प्रमुखांना सांगितलं. त्या ऐकताना एकदा उठून खिडकीशी गेल्या. त्यानंतर आमचे कच्चे निष्कर्ष इस्पितळाच्या कोणत्याही बैठकीत दाखवणं बंद झालं, आणि इस्पितळाच्या समितीला जे घडलं ते लेखी कळवलं गेलं. निमिषनं स्वतः उज्ज्वलाला गळ घातली आणि तिच्याबरोबर तो गंधवानीला जाऊन आला. उज्ज्वलानं फोनवर सांगितलं की रेशमी त्याच्याशी फार बोलली नाही, पण मुलाला खोकला होता म्हणून ते तिनं त्याला तपासायला दिलं. तेवढा वेळ ती जवळ बसून होती.

मनोरमाकाकू आणि कैलाश, दोघांचीही नोंद आमच्या अभ्यासात जसं घडलं तशीच गेली, अंदाजाच्या उलट. आमच्या प्रथिनांना काहीच अर्थ नाही असं अजूनही मला वाटत नाही. पुष्कळांच्या बाबतीत ती बरोबर निघत आहेत. पण आता कुणी मला एखादी फिकी काचपट्टी दाखवून “किती सुंदर आहे ना” म्हटलं, की माझ्या तोंडून होकार निघत नाही.

गजाननरावांची शस्त्रक्रिया झाली. मांडीचं मांस घेऊन गाल उभा केला. मग सिकाई. उन्हाळाभर ते दोघं इस्पितळाजवळ एका खोलीत राहिले, आणि एकही दिवस चुकला नाही, हे उज्ज्वला मला न विचारता कळवत असे. पाऊस संपता संपता इंदूरहून तुकड्यांचा नवा डबा पुण्याला आला. त्यात त्यांचा असणार हे मला माहीत होतं. कोणता, ते ठाऊक नव्हतं आणि मी शोधलंही नाही. डबा मी सहकाऱ्याच्या टेबलावर ठेवला, बाहेर व्हरांड्यात आले आणि सुमनला फोन लावला.

मागे शिलाई मशिनीचा आवाज येत होता. “कसे आहेत?” मी विचारलं.

“बसलेत दुकानात. बोलणं अजून साफ नाही, पण गिऱ्हाइकाशी भांडण करता येतं,” ती म्हणाली, आणि मग तिचा आवाज एकदम खाली आला, कुणाला ऐकू जाऊ नये तसा. “ताई, आज पोळी खाल्ली. वरणात भिजवून. अर्धी खाल्ली.”